न्हावा-शेवा बंदर व त्याचा पृष्ठप्रदेश : जासई येथील लोहमार्गाच्या संदर्भात

एखाद्या बंदराची क्षमता सांगताना धक्क्याची लांबी, धक्क्यालगतच्या पाण्याची खोली आणि याऱ्यांची संख्या यांचा निर्देश प्रथम केला जातो. त्यात वावगे काही नाही. परंतु या तिन्ही गोष्टी समुद्राच्या बाजूच्या आहेत. जहाजातून उतरलेला माल धक्क्यावर वस्तीला आलेला नसतो. त्याला दिल्लीच्या, लुधियान्याच्या, नागपूरच्या किंवा पुण्याच्या वाटेला लागावयाचे असते, आणि ती वाट जेथे सर्वांत अरुंद असेल तेथे बंदराची खरी क्षमता ठरते. न्हावा-शेवा बंदराच्या बाबतीत ही अरुंद जागा धक्क्यापासून काही किलोमीटर आत, उरण तालुक्यातील जासई या गावाच्या परिसरात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. बंदराचा धक्का वाढत गेला, पाण्याची खोली वाढवण्यात आली. जमिनीवरची वाट मात्र त्या मानाने मागे राहिली. ती का मागे राहिली, आणि आता होऊ घातलेल्या सुधारणांनी तिचा कोणता भाग रुंद होईल व कोणता होणार नाही, हे पाहावयाचे आहे.

जासई हे पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील जुने आगरी वस्तीचे गाव आहे. भातशेती, खाडीकाठची खाजणे, मिठागरे आणि मासेमारी यांवर या टापूचे जीवन पूर्वापार चालत आले. उरण तालुक्याची रचना द्वीपकल्पासारखी आहे : पश्चिमेस मुंबईचे बंदर, उत्तरेस पनवेलची खाडी, दक्षिणेस करंजा-धरमतरची खाडी. त्यामुळे देशाच्या अंतर्भागाकडे जाणारी बहुतेक वाहतूक पूर्वेकडील जमिनीच्या वाटेनेच बाहेर पडते, आणि ही वाट डोंगर व खाजण यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीतून जाते. जासई या पट्टीत आहे. बेलापूरकडून येणारा आम्र मार्ग व पनवेलकडून येणारा बंदराचा महामार्ग जवळच गव्हाण फाट्यावर एकत्र येतात. पनवेल–उरण लोहमार्ग येथूनच जातो आणि बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्यांची ये-जा जासईच्या यार्डातून होते. शिवडीहून समुद्रावरून आलेला २१·८ किलोमीटरचा अटल सेतू शेजारच्या चिर्ले येथे जमिनीवर उतरतो. हा सेतू व खारकोपर ते उरण ही उपनगरी लोहमार्गाची शाखा या दोहोंचे उद्घाटन एकाच दिवशी, १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. इतक्या वाटा इतक्या थोड्या जागेत आल्या, याचे कारण एवढेच की दुसरीकडे जागा नव्हती.

न्हावा-शेव्याच्या जन्माचे कारण मुंबईच्या गोद्यांत सापडते. १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा (आताची इंदिरा) गोदी अशी मुंबई बंदराची वाढ बेटाच्या पूर्व किनाऱ्याने होत गेली. बंदराचा स्वतःचा लोहमार्ग १९१५ मध्ये सुरू झाला. त्या काळाच्या मानाने ही व्यवस्था उत्तम होती. परंतु गोद्यांच्या पाठीशी शहर दाटत गेले आणि बंदरातून सुटलेली मालगाडी थोड्याच अंतरावर उपनगरी गाड्यांच्या गर्दीत शिरू लागली. फाळणीने कराची तोडले गेल्यावर पश्चिम किनाऱ्यावरील भार आणखी वाढला. कांडला हे त्यावरचे एक उत्तर होते. १९५५ मध्ये त्यास मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. तथापि मुंबईच्या उद्योगांचा व दख्खनच्या पठाराचा माल कांडल्याने जाणे शक्य नव्हते. १९६०नंतरच्या दशकात मुंबई बंदराबाहेर जहाजे तिष्ठत राहत, ती केवळ धक्के अपुरे होते म्हणून नव्हे. उतरलेला माल लवकर हलत नसे म्हणूनही. न्हावा-शेवा हे बंदर या दुसऱ्या अडचणीतूनही निघालेले आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बंदराच्या पलीकडील किनाऱ्यावर जुळे शहर वसवावे ही योजना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. पूर्वेच्या किनाऱ्यावर नवे बंदर होणार ही अपेक्षा त्या कल्पनेच्या आधारांपैकी एक होती. १९७० मध्ये सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींच्या संपादनास आरंभ झाला. नकाशावर ही जमीन मोकळी दिसत असली पाहिजे. प्रत्यक्षात ती बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, पिढ्यानपिढ्या कसलेली शेती होती. बांध फुटला की तीन-चार वर्षे पीक नाही, आणि तो राखणे हे एकट्यादुकट्याचे नव्हे, तर साऱ्या गावाचे काम. अशा जमिनीचे मूल्य खरेदीखतातील आकड्यावरून ठरवता येत नाही.

मोबदल्याच्या प्रश्नावर या भागातील शेतकऱ्यांचे नेतृत्व जासईच्याच दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्याकडे आले. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते पनवेलमधून विधानसभेवर व कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर व दुसऱ्या दिवशी नवघर येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच जण मृत्युमुखी पडले. जासई येथील हुतात्मा स्मारक त्यांचे आहे. या लढ्यातून संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदारास परत देण्याचे तत्त्व पुढे आले आणि १९९०च्या सुमारास शासकीय निर्णयांनी ते रूढ झाले. यांपैकी काही भाग सामाजिक सुविधांसाठी वजा होत असल्याने खातेदाराच्या हाती प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के येतात, ही बाब आकडा उद्धृत करताना बहुधा सांगितली जात नाही. भूसंपादनाच्या अभ्यासकांना या तत्त्वाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. जमीन घेतल्यामुळे जे मूल्य पुढे निर्माण होणार त्यातील अंश मूळ मालकाचा आहे, हा विचार भारतात एवढ्या स्पष्टपणे व्यवहारात आल्याची उदाहरणे तोपर्यंत फारशी नव्हती. येथे मुद्दा असा की, न्हावा-शेव्याच्या जमिनीवरील वाटेचा प्रश्न हा पहिल्यापासून केवळ अभियांत्रिकीचा नव्हता. जासईच्या पट्टीत रूळ किंवा रस्ता रुंद करावयाचा म्हणजे एकदा जमीन दिलेल्या गावांकडे पुन्हा जावयाचे.

बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. मधल्या काळात सागरी वाहतुकीचे स्वरूपच पालटले होते. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तेथून कंटेनरयुगाचा प्रारंभ धरतात. भारतात पहिले कंटेनर जहाज १९७३ मध्ये कोचीनला लागले. न्हावा-शेव्याच्या मूळ आखणीत कंटेनर आणि सुटा माल या दोहोंना स्थान होते. पुढे सुट्या मालाचा धक्का कंटेनरसाठी नव्याने बांधून घेण्यात आला आणि २००६ मध्ये तेथे तिसरे कंटेनर टर्मिनल सुरू झाले. त्यापूर्वी, १९९७ मध्ये पी अँड ओ या कंपनीच्या ऑस्ट्रेलियन शाखेशी करार होऊन मोठ्या बंदरातील देशातले पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल येथे उभे राहिले. सिंगापूरच्या पी.एस.ए. संस्थेकडील चौथ्या टर्मिनलचा एक हजार मीटर लांबीचा पहिला टप्पा २०१७च्या अखेरीस सुरू झाला व तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. २०२४–२५ या वर्षी बंदराने सुमारे ७३ लाख वीसफुटी एकके हाताळली. (वीस फूट लांबीची पेटी हे एक एकक, चाळीस फुटांची पेटी ही दोन एकके.)

समुद्राच्या बाजूची दुसरी अडचण खोलीची. मुंबईचे बंदर नैसर्गिक खरे, परंतु गाळाचे. न्हावा-शेव्यास येणारे जहाज मुंबई बंदराच्याच मुख्य प्रवाहमार्गाने येते आणि घारापुरीच्या बाजूने धक्क्याकडे वळते. हा सुमारे ३३ किलोमीटरचा मार्ग गाळ काढून दोन टप्प्यांत खोल करण्यात आला. पहिल्या टप्प्यानंतर १४ मीटर व दुसऱ्यानंतर १५ मीटर बुडीची जहाजे भरतीच्या पाण्याचा आधार घेऊन आत येऊ शकतात. उधाणाच्या दिवशी मुंबईस भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरच्या आसपास जाते. तो निसर्गाने दिलेला उधार पाण्याचा साठाच आहे. तथापि मोठे जहाज म्हणजे एकाच वेळी उतरणाऱ्या अधिक पेट्या. पूर्वी दोन जहाजांतून दोन दिवशी येणारा माल आता एका भरतीला येतो, आणि धक्क्यामागील यार्डावर व त्यापुढील वाटेवर त्याचा लोंढा पडतो. समुद्राची बाजू सुधारली की जमिनीच्या बाजूची उणीव अधिक ठळक होते ती अशी.

आता मालगाडीचा मार्ग पाहू. बंदरातून निघालेली गाडी जासई यार्डातून पनवेलला येते. पनवेल ते जासई–बंदर हा सुमारे २८ किलोमीटरचा भाग पुढे दुहेरी करण्यात आला, त्यामुळे येथपर्यंतचा प्रवास तसा सुकर आहे. उत्तरेकडे जावयाचे असल्यास पनवेलहून दिवा, दिव्याहून वसई आणि तेथे पश्चिम रेल्वेचा मुख्य मार्ग, अशी वाट आहे. पुण्याकडे किंवा नागपूरकडे जावयाचे असल्यास बोरघाट किंवा थळघाट चढावा लागतो. दोन्ही घाटांत चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे आणि जड गाडीस मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. म्हणजे गाडी थांबवणे, इंजिने जोडणे, घाट चढल्यावर सोडणे आणि तीच इंजिने परत खाली आणणे. निर्यातीची भरलेली गाडी घाट उतरते आणि आयातीची चढते, हा एक विशेष जाता जाता नोंदवण्यासारखा आहे. उतरणाऱ्या गाडीचा प्रश्न ओढण्याचा नसून रोखण्याचा असतो. वसईकडील वाटेला घाट नाहीत, पण गर्दी आहे. पनवेल व दिवा ही दोन्ही ठाणी कोकण रेल्वेच्या गाड्यांची आणि उपनगरी वाहतुकीची. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी प्रवासी गाड्यांना अग्रक्रम मिळतो आणि मालगाडी बाजूच्या रुळावर वाट पाहत राहते. मुंबईच्या गोद्यांतून निघालेल्या मालगाडीला जी अडचण होती तीच, काही मैल पूर्वेस सरकून, न्हावा-शेव्याच्या मालगाडीपुढे उभी राहिली. ज्या कारणासाठी बंदर हलवले ते कारण बंदरामागोमाग चालत आले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

याहून कमी चर्चिलेली, पण तितकीच परिणामकारक गोष्ट गाडी भरण्याच्या पद्धतीत आहे. सर्वसाधारण कंटेनरगाडीस ४५ वाघिणी असतात व तिच्यावर ९० एकके बसतात. दिल्लीजवळच्या तुघलकाबाद येथील अंतर्देशीय कोठारासाठी ९० पेट्या आल्या आहेत असे समजा. पण त्यांतील ३० एका टर्मिनलवर, ४० दुसऱ्यावर आणि २० तिसऱ्यावर उतरलेल्या आहेत. प्रत्येक टर्मिनलचा रूळ व यार्ड वेगळे. अशा वेळी तीन मार्ग उरतात. प्रत्येक टर्मिनलवर ९० पेट्या साठेपर्यंत थांबावे. अथवा ट्रेलरवर घालून पेट्या एका ठिकाणी आणाव्यात. अथवा एकच गाडी तिन्ही ठिकाणी नेऊन थोडी थोडी भरावी. पहिल्यात दिवस जातात, दुसऱ्यात दुहेरी हाताळणीचा खर्च पडतो, तिसऱ्यात इंजिन व रूळ अडकून राहतात. एका बंदरात अनेक टर्मिनले व त्यांच्यात स्पर्धा, हे धोरण जहाज कंपन्यांच्या दृष्टीने हितावह ठरले यात शंका नाही. मात्र समुद्राच्या बाजूने जी स्पर्धा लाभाची, तीच जमिनीच्या बाजूने विभागणीची ठरली. निरनिराळ्या टर्मिनलांच्या पेट्या एकाच गाडीत घेण्याची व्यवस्था अलीकडच्या वर्षांत बसवण्यात आली आहे. ती या लेखाच्या दृष्टीने नव्या धक्क्याइतकीच मोलाची आहे, जरी तिच्या उद्घाटनाला कोणी कोनशिला बसवीत नाही.

तिसरा प्रश्न उंचीचा. एकावर एक दोन पेट्या चढवल्या तर तेवढ्याच रुळावरून, जवळजवळ तेवढ्याच मनुष्यबळात, दुप्पट माल जातो. वाघिणीचा पृष्ठभाग रुळापासून सुमारे एक मीटर उंच असतो. उंच जातीची कंटेनर पेटी २·९ मीटर असते. दोन पेट्यांची उंची धरल्यास एकूण ६·८ मीटर होते. विद्युतीकरण झालेल्या नेहमीच्या मार्गावर तार साडेपाच मीटरच्या आसपास असते, म्हणून तेथे हे अशक्य. गुजरातमध्ये ज्या मार्गांवर त्या काळी विजेच्या तारा नव्हत्या, तेथे डिझेल इंजिनाने दुमजली गाडी नेता आली. २००६ मध्ये पिपावाव बंदर व जयपूर यांच्या दरम्यान तशी पहिली गाडी धावली. मुंबईच्या आसमंतात तारा आधीपासूनच होत्या. लवकर झालेले विद्युतीकरण येथे अडसर ठरले, हा प्रगतीच्या क्रमाचा एक चमत्कारिक परिणाम होय. यावर तात्पुरता तोडगा म्हणून ठेंगण्या पेट्या काढण्यात आल्या. नेहमीच्या पेटीपेक्षा ६६ सेंटिमीटर बुटकी अशी पेटी दोन थरांत चढवली तरी प्रचलित तारांखालून जाते. न्हावा-शेव्याहून अशी गाडी २०२२च्या प्रारंभी कानपूरकडे सुटली. परंतु या पेट्या जहाजावर चालत नाहीत. माल बंदराजवळ एका पेटीतून काढून दुसऱ्या पेटीत भरावा लागतो. म्हणजे कंटेनरचा जो मुख्य गुण, माल एकदा भरला की मुक्कामापर्यंत हात लावावा लागू नये, त्यालाच येथे मुकावे लागते.

या तिन्ही अडचणींच्या पार्श्वभूमीवर पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाकडे पाहिले पाहिजे. दिल्लीलगतच्या दादरीपासून रेवाडी, पालनपूर, वडोदरा, सुरत या बाजूने न्हावा-शेव्यापर्यंत येणारा हा १,५०६ किलोमीटरचा मार्ग जपानच्या कर्जसाहाय्याने बांधण्यात येत आहे. तो केवळ मालगाड्यांसाठी आहे. तार साडेसात मीटर उंचीवर असल्याने नेहमीच्या पेट्या दोन थरांत जातात. गाडीची लांबी ७०० मीटरऐवजी १,५०० मीटरपर्यंत नेता येते. एका आसावर २५ टन भार चालतो. जानेवारी २०२१ मध्ये राजस्थान-हरियाणातील भागावर विजेच्या इंजिनाने ओढलेली दीड किलोमीटर लांबीची दुमजली कंटेनरगाडी चालवण्यात आली. मार्च २०२५ पर्यंत मार्गाचा १,४०४ किलोमीटर भाग पुरा झाला होता. उरलेले सुमारे १०२ किलोमीटर कोणते, हे पाहण्यासारखे आहे. ते वैतरणा ते न्हावा-शेवा, म्हणजे बंदराच्या तोंडाशी असलेले. वाळवंट व पठार ओलांडणारा मार्ग आधी झाला आणि वसई, भिवंडी, कल्याण, पनवेल या दाट वस्तीच्या, खाड्यांच्या व डोंगरांच्या पट्ट्यात येऊन रेंगाळला. उल्हास नदीवर पूल, पनवेलजवळ कुंडेवहाळ येथे बोगदा, चालू लोहमार्गांच्या डोक्यावरून तुळया टाकणे, शिवाय जमीन मोकळी करून घेणे, ही कामे मैलाच्या हिशेबाने मोजता येणारी नाहीत.

हा तुकडा पूर्ण झाल्यावर काय बदलेल, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. वर्षाला ७३ लाख म्हणजे, रिकाम्या पेट्या धरून, दिवसाला सुमारे वीस हजार एकके. गेल्या काही वर्षांत त्यांपैकी सहाव्या हिश्श्याच्या आसपास माल लोहमार्गाने गेला आहे; म्हणजे दिवसाला सुमारे ३,३००. येणारी गाडी ९० आणते व जाणारी ९० नेते असे धरल्यास, गाडी पूर्ण भरलेली असूनही, जाण्यायेण्याच्या १८-१९ जोड्या लागतात. उरलेली सुमारे १६,७०० एकके रस्त्याने. प्रत्येक ट्रेलरवर दोन एकके चढवली असे उदारपणे मानले तरी दिवसाला ८,३०० हून अधिक भरलेल्या खेपा झाल्या, आणि परतीच्या रिकाम्या खेपा वेगळ्या. यांतील फार मोठा भाग जासई–गव्हाणच्या पट्टीतून जातो. लोहमार्गाचा हिस्सा दुप्पट, म्हणजे एक-तृतीयांश करावयाचा झाला तर जुन्या पद्धतीच्या ३७ जोड्या लागतील. त्या दिवा–वसई मार्गावर सामावणे दुरापास्त आहे. दीड किलोमीटरच्या दुमजली गाडीवर ३६० एकके बसतात. तशा गाड्यांच्या नऊ-दहा जोड्यांत तेच काम होते. समर्पित मार्गाचे सारे अर्थशास्त्र या दोन आकड्यांच्या तफावतीत आहे.

परंतु या गणितात एक गृहीत दडलेले आहे : माल दूर जावयाचा आहे. लोहमार्गाच्या खर्चाचा मोठा भाग दोन टोकांना, चढवण्या-उतरवण्यात व गाडी जुळवण्यात होतो. धावण्याचा खर्च त्या मानाने थोडा. रस्त्याचे उलट आहे. म्हणून अंतर वाढत जाते तसा लोहमार्ग स्वस्त पडतो व थोड्या अंतराला ट्रेलर. न्हावा-शेव्याच्या मालाचा मोठा हिस्सा पुणे-चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, भिवंडी, तळोजे अशा जवळच्या औद्योगिक क्षेत्रांचा आहे. तो दोनशे-तीनशे किलोमीटरच्या आत फिरतो आणि समर्पित मार्ग त्या दिशेला जातही नाही. मुंद्रा बंदराचा लोहमार्गाचा हिस्सा मोठा व न्हावा-शेव्याचा लहान, अशी तुलना वारंवार केली जाते. ती तितकीशी न्याय्य नाही. मुंद्र्याच्या पाठीशी कच्छचा विरळ प्रदेश आहे. तेथील कंटेनरला दूर गेल्याशिवाय गत्यंतर नाही. न्हावा-शेव्याच्या पाठीशी महाराष्ट्राचा सर्वांत दाट औद्योगिक पट्टा आहे. टक्केवारी कमी असणे हे येथे काही अंशी संपन्नतेचे लक्षण आहे. खरा तोटा उत्तरेच्या मालात झाला. पंजाब, हरियाणा, राजस्थान येथील निर्यातदारास मुंद्रा अंतराने जवळ आणि दुमजली गाडीमुळे स्वस्त. २०२०–२१ मध्ये कंटेनर हाताळणीत मुंद्रा न्हावा-शेव्याच्या पुढे गेले.

मराठवाडा व विदर्भ यांची स्थिती मधली आहे. अंतर लोहमार्गास परवडेल इतके. परंतु माल एका गाडीपुरता रोज जमेलच असे नाही, आणि वाट थळघाटातून. जालना व वर्ध्याजवळील सिंदी येथे शुष्क बंदरे उभारण्याची योजना न्हावा-शेवा बंदराने २०१५च्या सुमारास हाती घेतली, ती माल एकत्र करण्यासाठीच. कापूस, सोयाबीनची पेंड, पोलाद यांना तेथेच सीमाशुल्काचे सोपस्कार करून थेट बंदराकडे रवाना करता यावे हा हेतू. या योजनेचे यश घाटातील लोहमार्ग किती मोकळा मिळतो यावर अवलंबून राहील. उत्तरेसाठी वेगळा मार्ग झाल्यावर पनवेल-कल्याणच्या जुन्या मार्गावर थोडी जागा मोकळी होईल, हा समर्पित मार्गाचा महाराष्ट्राच्या दृष्टीने कदाचित अधिक मोठा, पण अप्रत्यक्ष लाभ ठरेल.

रस्त्याच्या गर्दीचे एक कारण बंदराच्या कार्यपद्धतीतही होते. आयात पेटी धक्क्यावरून निघून प्रथम जवळच्या कंटेनर कोठारात जाई; तेथे तपासणी, सीमाशुल्क, मग दुसऱ्या वाहनाने कारखान्याकडे. अशी कोठारे उरण-पनवेल पट्ट्यात, भातशेतीच्या जागी, दाटीने उभी राहिली. पाच-सात किलोमीटरच्या या लहान खेपांनी जासईचा रस्ता जितका अडवला तितका कदाचित दूरच्या वाहतुकीनेही अडवला नसेल. २०१६पासून विश्वासार्ह आयातदारांना पेटी थेट धक्क्यावरून नेण्याची मुभा वाढवण्यात आली आणि एक खेप वाचली. बंदराला जोडणारे महामार्ग रुंद झाले, उड्डाणपूल झाले. मात्र कोठारांत काम करणाऱ्या स्थानिक तरुणांच्या दृष्टीने ही सुधारणा निर्भेळ नाही. जमीन गेल्यावर जो रोजगार उभा राहिला तो बहुतांशी याच मधल्या हाताळणीत होता.

कोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. बंदरासाठी मूळ शेवा कोळीवाडा उठला व त्याची वस्ती उरणजवळ हनुमान कोळीवाडा या नावाने पुन्हा बसवण्यात आली. शेतकऱ्याच्या नावावर सात-बाराचा उतारा असतो. खाडीचा उतारा कोणाच्याच नावावर नसतो. त्यामुळे साडेबारा टक्क्यांचे तत्त्व मासेमारीला लागू करता येत नव्हते. भरावामुळे भरतीचे पाणी फिरण्याच्या वाटा बंद झाल्या, तिवरे गेली आणि खाडीतील मासळी घटली, या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मालकी नसताही उपजीविकेच्या हक्काचे मोल ठरवणारा हा निर्णय १९८४च्या लढ्याच्या पुढचा टप्पा मानावयास हरकत नाही. बंदराच्या जमिनीशी संबंधित साडेबारा टक्के भूखंडांची इरादापत्रे प्रकल्पग्रस्तांना १६ ऑगस्ट २०१४ रोजी वाटण्यात आली. बंदर सुरू होऊन त्या वेळी पंचवीस वर्षे झाली होती.

न्हावा-शेव्याच्या खोलीला निसर्गाची मर्यादा आहे हे ओळखून डहाणूजवळ वाढवण येथे नवे बंदर उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यात न्हावा-शेव्याच्या प्राधिकरणाचा ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. किनाऱ्याजवळच सुमारे वीस मीटर खोली मिळते आणि समर्पित मालवाहतूक मार्ग फारसा दूर नाही, ही स्थळनिवडीची दोन प्रमुख कारणे. धक्के व यार्ड यांसाठी १,४४८ हेक्टर जागा समुद्रात भराव घालून करावयाची आहे. गावाची शेती बंदराखाली जाऊ नये अशी ही रचना; मच्छीमारांचा विरोध तिला त्यामुळेच अधिक आहे. मात्र बंदरापासून मुख्य मार्गापर्यंतचे रूळ व रस्ता समुद्रात घालता येत नाहीत. ती पट्टी डहाणू-पालघरच्या गावांतूनच जावयाची आहे.